तो खोक्यातून बाहेर येतो ते गाणं

आपल्याकडे गाणाऱ्या माणसाला चेहरा लागतच नाही, हे आपण इतकं गृहीत धरलं होतं की त्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटायचंच नाही. बाई गाणार पडद्यामागे, ओठ हलवणार मधुबाला, आणि नंतर रेडिओवर तेच गाणं लागलं की डोळ्यासमोर यायची ती पण मधुबालाच. लताबाई, आशाबाई, रफीसाहेब कसे दिसतात ते माहिती होतं सगळ्यांना, कॅलेंडरवर, मासिकात फोटो असायचे, पण गाण्याचा म्हणून जो चेहरा तो हिरो-हिरॉइनचा. अशा देशात सिनेमाला बाजूला ठेवून, नुसत्या गाणाऱ्याच्या जिवावर कॅसेट खपवायची म्हणजे आधी त्या गाणाऱ्याला चेहरा मिळवून द्यायला हवा. ते काम नव्वदच्या दशकात टीव्हीने केलं. फक्त तो चेहरा त्याने उसना दिला होता, आणि उसना दिलेला पुढे व्याजासकट परत घेतला, असं माझं मत आहे, आणि त्यावर माझं नि माझ्या मामाचं आजही जमत नाही.

मामाचं पेरुगेटाच्या बाजूला कॅसेटचं छोटंसं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक गाळा, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने फुटपाथवरच उभं राहायचं. कर्वे रोडवर अलुरकरांकडे जाणारं गिऱ्हाईक वेगळं, त्यांना भीमसेन जोशींचा कुठला राग कुठल्या कंपनीने काढलाय ते तोंडपाठ असायचं. मामाकडे यायचे ते लग्नाची वरात ठरलेले, गणपती मंडळाचे कार्यकर्ते, कॉलेजची पोरं आणि कोरी कॅसेट घेऊन 'यात ही बारा गाणी भरून द्या' म्हणणारे. सुट्टीत मी तिथे बसायचे, कॅसेटच्या कव्हरमधली कागदं वाचत, लूज झालेली टेप पेन्सिलीने गुंडाळत.

तिथे बसून एक गोष्ट दिसली ती अशी की आधी लोक गाणं मागायचे सिनेमाच्या नावाने किंवा मुखडा गुणगुणून, आणि मामाला गुणगुणलेलं सगळं ओळखता यायचं, कितीही बेसूर असलं तरी. केबल आली आणि गिऱ्हाईक गाणं चित्रावरून मागायला लागलं. 'ते उंटवाले, पिरॅमिडवालं द्या.' 'तो खोक्यातून बाहेर येतो ते आहे का?' मामा केबल बघायचा नाही, त्याला वाटायचं लोकांची डोकी फिरलीत. मग मी आतून ओरडायचे, मामा, लकी अली, सुनो! मामा, अलिशा! आणि मामा कॅसेट काढून द्यायचा, पण गिऱ्हाईक गेलं की न चुकता म्हणायचा, अगं गाणं मागतायत का सिनेमाची ष्टोरी सांगतायत?

खोक्यातून बाहेर येणारा म्हणजे मिलिंद सोमण, हे आता सांगायला नको. १९९५ ची अलिशा चिनॉयची 'मेड इन इंडिया', बिद्दूचं संगीत, मॅग्नासाउंड कंपनी, केन घोषने केलेला व्हिडिओ, अलिशा महाराणीसारखी बसलेली आणि एकेक राजकुमार येऊन परत जातायत. त्या गाण्याने काय केलं म्हणाल तर सिनेमात नसलेलं गाणंसुद्धा बघायचं असतं हे आपल्या लोकांना दाखवलं. तोवर दूरदर्शनवर गाणं बघायचं म्हणजे छायागीत आणि चित्रहार, दोन्ही सिनेमाची. आमच्याकडे तर अँटेना सिंहगडाकडे तोंड करून लावलेला असायचा, तिथल्या टॉवरवरून मुंबईचे कार्यक्रम पुण्यात यायचे, आणि पावसात हिरॉइनच्या दोन-दोन सावल्या नाचायच्या. पुढे, 'मेड इन इंडिया'च्याही आधी, दूरदर्शनच्या मेट्रो चॅनलवर 'सुपरहिट मुकाबला' आला. तो बाबा सहगल करायचा, ज्याचं 'ठंडा ठंडा पानी' १९९२ सालीच गाजलं होतं, पण गंमत बघा, पॉप गायक सूत्रसंचालक आणि कार्यक्रमात गाणी सिनेमाची. म्हणजे चेहरा पॉपचा वापरायचा आणि माल सिनेमाचा विकायचा हे तिथपासूनच चालू होतं.

ही युक्ती काही आपली नाही अर्थात. अमेरिकेत एल्व्हिस प्रेस्ली एड सलिव्हनच्या शोमध्ये आला तेव्हा त्याची कंबर हलते म्हणून गहजब झाला आणि १९५७ च्या जानेवारीत त्याला कॅमेऱ्याने फक्त कंबरेच्या वर दाखवलं. (आपल्या सेन्सॉरवाल्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं वाटतं, नाहीतर त्यांनी निम्मी नव्वदची गाणी अशीच दाखवली असती.) त्याच शोमध्ये ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स आले तेव्हा ७ कोटी ३० लाख लोकांनी बघितलं असं म्हणतात. एका रात्रीत. पुढे १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं, आणि मग गाण्याचा व्हिडिओ हीच गाण्याची जाहिरात, आणि ती जाहिरात दाखवायला चोवीस तास मोकळं चॅनल, असं सगळं जुळून आलं. चॅनलला कार्यक्रम फुकटात, कंपनीला जाहिरात फुकटात. असला सौदा आपल्या लक्ष्मी रोडवर कुणाला सुचला असता तर त्याचं नाव निघालं असतं.

आपल्याकडे एमटीव्ही स्टारबरोबर आलं, १९९४ मध्ये दोघांची फारकत झाली, स्टारने चॅनल व्ही काढलं, एमटीव्ही वेगळं होऊन १९९६ मध्ये खास इंडियाचं म्हणून परत आलं. दोन चॅनलं चोवीस तास दाखवणार काय? इंग्लिश गाणी सदाशिव पेठेत कोण बघणार? तेव्हा हिंदीत गाणारी, सिनेमातली नसलेली, चांगली दिसणारी गाणी हवीच होती, आणि ज्यांना सिनेमात कुणी उभं करत नव्हतं त्यांना हे दार उघडलं. शुभा मुद्गल, हरिहरन आणि लेस्ली लुईसचे कलोनिअल कझिन्स, सिल्क रूट, लकी अली. हरिहरन सिनेमात गातच होता, पण बाकीचं कोण तेव्हा सिनेमाच्या गाण्यात बसलं असतं? लकी अलीचा आवाज तर मामाच्या मते 'नुकतं झोपेतून उठल्यासारखा' होता. पण तो उंटाजवळ उभा राहून गायला लागला की बाकी सगळं खोटं वाटायचं. तिथे आवाज आणि चेहरा एकाच माणसाचे होते आणि एकमेकांना शोभत होते.

फाल्गुनी पाठकचं मला फार आवडायचं, अजूनही आवडतं. ती व्हिडिओत स्वतः असायची, शर्ट-पँट, बारीक केस, हातात माइक, आणि प्रेमात पडणारी मुलगी वेगळी. गोष्ट एकीची, गाणारी दुसरी, आणि दोघी एकाच फ्रेममध्ये. म्हणजे सिनेमात जे लपवून करतात ते तिने उघड्यावर केलं. आमच्या आजीला ती गोष्ट लगेच पटली होती, ती म्हणायची, ही बघ, ही गाणारी आणि ती नाचणारी, कशी शहाण्यासारखी वाटणी करून घेतलीय.

आणि दलेर मेहंदी. त्याच्याबद्दल लोक म्हणायचे की याची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या मॉडेल पोरींमुळे. तर १९९८ ला 'तुनक तुनक तुन' मध्ये त्याने पोरी काढूनच टाकल्या आणि चार दलेर उभे केले, चौघांचे झगे वेगळ्या रंगाचे, मागे कॉम्प्युटरवर केलेले डोंगर. आज बघितलं तर ते डोंगर शाळेतल्या प्रोजेक्टसारखे दिसतात, पण तेव्हा आम्ही तोंड उघडं टाकून बघत बसलो होतो. टीव्हीला कुणी इतकं रोकठोक उत्तर दिल्याचं मला दुसरं आठवत नाही. चेहरा पाहिजे ना? घे, चार घे.

पण असे थोडेच. बहुतेकांच्या बाबतीत टीव्हीला चेहरा पाहिजे होता, तो गाणाऱ्याचाच असला पाहिजे असं काही नव्हतं. मिली व्हॅनिली नावाची जोडी होती, दिसायला एकदम देखणी, १९९० ला ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी ते परत घेतलं गेलं कारण रेकॉर्डवर त्यांचा आवाजच नव्हता, गात होते दुसरेच. तिकडे केवढा धक्का बसला लोकांना! आपल्याकडे ते वाचून लोकांना कळेचना की यात गुन्हा काय झाला, आपले सगळे हिरो हेच करतात की. म्हणून मग २००२ ला 'काँटा लगा'चं रिमिक्स आलं तेव्हा मूळ आवाज लताबाईंचा, १९७२ च्या सिनेमातला, चाल आरडीची, नवा आवाज कुणाचा ते विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही, आणि चेहरा मात्र एका दिवसात अख्ख्या देशाला पाठ. शेफाली जरीवाला २०२५ च्या जूनमध्ये गेली तेव्हासुद्धा बातम्यांत 'काँटा लगा गर्ल' हेच. जिने गायलं तिच्याबद्दल एक ओळ नाही.

रिमिक्सच्या लाटेत इंडीपॉप, म्हणजे ही सिनेमाबाहेरची गाणी, वाहून गेलं असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. खरं कारण पैशाचं होतं. सिनेमावाल्यांना कळलं की सिनेमा लागायच्या आधी महिनाभर गाणं टीव्हीवर वाजलं तर पहिल्या आठवड्याचं गिऱ्हाईक ठरून जातं, मग ते गाण्याचे प्रोमो घेऊन त्याच चॅनलांकडे गेले, आणि त्यांच्याकडे शाहरुख होता, स्वित्झर्लंड होतं, शंभर नाचणारे होते. अलबमवाल्याकडे एक मॉडेल आणि गोव्याचा समुद्र. व्हिडिओला व्हिडिओनेच मारलं. म्युझिक चॅनलांनीही पुढे म्युझिक सोडून दिलं, एमटीव्हीवर २००३ पासून रोडीजमध्ये पोरं एकमेकांना शिव्या देताना दिसायला लागली, चॅनल व्हीने सिरियली घेतल्या आणि २०१८ मध्ये गपचूप बंद झालं. मामाचं दुकान त्याच्या खूप आधी. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

मराठीचं यात काय झालं, तर जे झालं ते उशिरा आणि थोडक्यात. अल्फा मराठी १९९९ ला आलं, त्याच्या पाठोपाठ बाकीची, आणि मराठी गाण्याला रोज दिसायला जागा मिळाली. वैशाली सामंत आणि अवधूत गुप्तेचं 'ऐका दाजिबा' आलं तेव्हा मी कॉलेजात होते. ते मराठी चॅनलांवर तर वाजलंच पण हिंदी म्युझिक चॅनलांवर वाजलं, याचं अप्रूप काय सांगू, अमराठी मैत्रिणी शब्द विचारायला यायच्या आणि आम्ही भाव खायचो. त्या वर्षी वरातीत बँडवाल्यांना दुसरं काही येत नाही की काय असं वाटावं इतकं ते वाजलं.

पुण्याचा स्वभाव मात्र वेगळा, इथे टीव्हीवर दिसलेल्या गायकाकडे लोक जरा डोळे बारीक करून बघतात. सलील कुलकर्णी आणि संदीप खरेंचा 'आयुष्यावर बोलू काही' २००३ ला सुरू झाला, पेटी, गिटार, कविता, एवढंच. तो वाढला नाट्यगृहांत, एकाने दुसऱ्याला सांगून, सीडी एकमेकांना देऊन. बालगंधर्वला तिकिटाच्या रांगेत उभं राहिलेलं मला आठवतंय आणि पुढचे काका मागच्या काकूंना चारोळ्या म्हणून दाखवत होते. टीव्ही तिथे नंतर पोचला. मामा यावरच बोट ठेवतो, म्हणतो बघ, गाण्यात दम असला तर टीव्ही कशाला पाहिजे. मी म्हणते, मामा, मुंबई-पुण्याच्या बाहेर, जिथे बालगंधर्व नाही तिथे? आळंदीच्या पोरीने काय करायचं होतं?

आळंदीची पोरगी म्हणजे कार्तिकी गायकवाड. २००८-०९ चे झी मराठीच्या 'सा रे ग म प' स्पर्धेतले लिटिल चॅम्प्स ज्यांनी बघितले नाहीत त्यांना समजावून सांगता येणार नाही. रस्ते ओस पडायचे म्हणतात ना, तसं मी 'महाभारता'नंतर ते एकदाच बघितलं. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायची, परीक्षक पुन्हा वैशाली आणि अवधूतच, म्हणजे टीव्हीने आधी ज्यांना मोठं केलं ते आता दुसऱ्यांना मोठं करणार. तिथे मार्क स्वरांत द्यायचे, आणि आमच्या सोसायटीत मुग्धाला 'ध' का दिला, 'नी' का नाही यावरून दोन घरांत आठवडाभर बोलणं बंद होतं. कार्तिकी, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत, पाचही जण आज गातात, २०२१ ला त्याच कार्यक्रमात पाचही जण परीक्षकाच्या खुर्चीत बसले. हे श्रेय टीव्हीला द्यायलाच पाहिजे आणि मी ते हात आखडता न घेता देते. सोनू निगमला १९९५ ला झीच्या 'सा रे ग म'ने घराघरात नेलं, श्रेया घोषाल तिथूनच आली. नाही म्हणायचं कारणच नाही.

पण आता दुसरी बाजू ऐका. इंडियन आयडॉल पहिलं, २००५ चा मार्च, आपला अभिजित सावंत जिंकला. आमच्या घरातून किती एसएमएस गेले ते वडिलांना बिल आल्यावर कळलं. लोकांनी नुसतं बघायचं नाही, पैसे खर्चून निवडायचं, हा शोध जबरदस्तच. अलबम निघाला, हिट झाला. मग दुसरा सीझन आला. टीव्हीला दर वर्षी नवा विजेता लागतो आणि मागच्या वर्षीच्याचं काय करायचं हा प्रश्न टीव्हीचा नसतो. व्हिवा आठवतायत? चॅनल व्हीने २००२ ला देशभरातून निवडलेल्या पाच मुली, कार्यक्रम संपला, थोडे दिवस गाणी वाजली, मग बँड संपला. आणि त्याच २००५ मध्ये फेम गुरुकुल नावाच्या स्पर्धेतून एक लाजरा बंगाली मुलगा मधेच बाहेर पडला होता, अरिजित सिंग. जिंकलेल्यांची नावं आठवायला आज गूगल करावं लागतं. अरिजितने पुढची बरीच वर्षं कॅमेऱ्याच्या मागे, स्टुडिओत, दुसऱ्यांच्या हाताखाली काढली आणि २०१३ ला 'तुम ही हो' आलं तेव्हा गाणं आधी सगळीकडे पोचलं आणि हा दिसतो कसा हे लोकांना नंतर कळलं. म्हणजे फिरून पुन्हा मधुबालाच की.

भाचीला घेऊन अशाच एका स्पर्धेच्या ऑडिशनला गेले होते, पुण्यातच, एका शाळेत. सकाळी सहाला रांग शाळेच्या भिंतीला वळसा घालून पार मागच्या गल्लीत. छातीला नंबरचा स्टिकर, हातात फॉर्म. कुणी गरम पाणी पितंय, कुणी ज्येष्ठमध चघळतंय, सोलापूरहून रात्रीच्या गाडीने आलेले एक बाबा मुलाचे केस पाणी लावून बसवतायत. फॉर्ममध्ये गाण्याबद्दल तीन रकाने होते, कुणाकडे शिकता, किती वर्षं, आवडते गायक. आणि मागचं अख्खं पान रिकामं, वर लिहिलेलं: तुमच्या आयुष्यातील संघर्ष थोडक्यात लिहा. भाचीने पेन तोंडात धरून माझ्याकडे बघितलं. मावशी, काय लिहू? तिचे वडील बँकेत, आई शिक्षिका, घर सहकारनगरला, संघर्ष म्हणजे पावसाळ्यात स्कूटर सुरू होत नाही. शेवटी तिने गणिताचा क्लास आणि गाण्याचा क्लास एकाच वेळी असतो असं लिहिलं. आत अर्धा मिनिट गायला मिळालं, एक अंतरा पण झाला नाही, छान म्हणाले, पुढचा नंबर. बाहेर एक माइकवाला मुलगा रांगेत फिरत होता, त्या सोलापूरच्या बाबांना विचारत होता की गाडीचं भाडं कसं जमवलं, आणि त्यांना सांगत होता की जरा पुन्हा सांगा, कॅमेऱ्याकडे बघून. मुलगा पुढे निवडला गेला का माहीत नाही. गायला मात्र छान होता, रांगेत गुणगुणत होता ते मी ऐकलं.

म्हणजे चेहरासुद्धा आता पुरत नाही, चेहऱ्याला गोष्ट पाहिजे. खोक्यातून नुसतं बाहेर येऊन चालत नाही, खोकं कुणी उचललं, किती लांबून आणलं, आईचे दागिने मोडले का, हे पण दाखवायचं. यात गाण्याचे किती सेकंद उरले ते एखाद्या एपिसोडला घड्याळ लावून बघा.

भाची हल्ली यातलं काही बघत नाही. तिच्याकडे गाणं येतं ते रीलमधून, १५ सेकंदांचं. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ ला तसंच आलं, जळगावकडचा मुलगा, स्वतः लिहिणार, स्वतः गाणार, लोकांनी त्यावर साड्या नेसून नाचून नाचून त्याला मोठं केलं. लोकांनी स्वतःचेच चेहरे लावले त्या गाण्याला, हा प्रकार मामाच्या आकलनापलीकडचा आहे. आणि टीव्ही काय करतो? गाणं असं गाजून झालं की त्या गायकाला पुरस्कार सोहळ्यात बोलावतो, सिरियलमधल्या हळदीत तेच वाजवतो. पूर्वी टीव्हीवर आला म्हणून लोकांना माहीत व्हायचा, आता लोकांना माहीत आहे म्हणून टीव्हीवर येतो.

तरी त्याचं वजन पूर्ण गेलंय असं नाही हां. भाचीच्या वर्गातला एक मुलगा कोथरूडमध्ये स्वतःच्या खोलीत, गादी भिंतीला टेकवून, गाणी रेकॉर्ड करतो. बरी असतात, ऐकणारे पण हजारांत आहेत. परवा त्यांच्याकडे गेलो होतो तर त्याची आजी पोहे देता देता मला विचारत होती की हा दिवसभर आत दार लावून काय करतो ते तुम्हाला तरी कळतं का. म्हणलं, आजी, गातो तो, लोक ऐकतात. आजी म्हणाल्या, ते असेल हो, पण टीव्हीवर कधी येणार? तो आतूनच ओरडला, आजी, टीव्ही कोण बघतं आता! तर आजी म्हणाल्या, मी बघते ना, आणि तुझ्या तिन्ही आत्या बघतात.